तांबड्या अक्षरांतला वार

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे वर्षानुवर्षे कालनिर्णय टांगलेले असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना किती उपयोगी पडली आहे, हे इंदूरच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. संकष्टीचा चंद्रोदय तीत पाहावा, एकादशी तीत पाहावी, आणि मोकळ्या चौकटींत घरधनिणीने आपला संसार लिहून ठेवावा, अशी ही व्यवस्था. दुधाचा खाडा, गॅसची टाकी, कोणाचे बारसे, कोणाचे वर्षश्राद्ध, सारे तिथे असते. मात्र आमच्या घरी सोमवार ते शनिवार या चौकटी बहुधा कोऱ्याच राहतात. गर्दी उसळते ती तांबड्या आकड्याच्या चौकटीत.

२०२५ च्या नोव्हेंबरातील २३ तारखेच्या रविवारी त्या चौकटीत तीन नोंदी होत्या. पहिली सौ.च्या हातची, निळ्या शाईने : ‘घरचे केळवण, सुदामानगर, ११ वाजता.’ दुसरी माझ्या हातची : ‘शाळा, याद्या.’ तिसरी शिसपेन्सिलीने लिहिलेली होती. एकच शब्द, ‘भावजी’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ही नोंद पेन्सिलीने का, असा प्रश्न वाचकांना पडेल. ती दर महिन्याला लिहिली जाई आणि दर महिन्याला खोडली जाई, म्हणून. चार वर्षे हा क्रम चालला होता.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सैन्याच्या सिग्नल्स शाखेतून कर्नल होऊन निवृत्त झाले आणि महूलाच घर बांधून राहिले. ताई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. त्या महिन्यात कोणाकोणाची माणसे कशी गेली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याविषयी लिहीत नाही. मुलगा परदेशी. वय अठ्ठ्याहत्तर. दर रविवारी पहाटे ते छावणीच्या मैदानावर गोल्फ खेळावयास जातात. दर महिन्याला त्यांचा दूरध्वनी येई : ‘‘मास्तर, शनिवारी संध्याकाळी ये. रात्री राहा. सकाळी माझ्याबरोबर चाल. खेळू नकोस, नुसता चाल.’’ आणि मी म्हणे, ‘‘भावजी, पुढच्या रविवारी नक्की.’’

हे उत्तर देताना मी खोटे बोलत होतो असे नाही. आपल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या एका गावात मुरलेली माणसे सुखी असतात, पण त्यांचे रविवार त्यांचे नसतात. रामबागेपासून सुदामानगरापर्यंत दोन-चार कोसांच्या आत सगळे सगेसोयरे. मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, सारे रविवारी. आमच्या वडिलांच्या काळी मुहूर्त ज्या वारी निघेल त्या वारी कार्य होई आणि माणसे रजा काढीत. आता बहुतेक मुहूर्त रविवारी कसे सापडतात, हे एखाद्या पंचांगकर्त्यालाच विचारले पाहिजे. त्यात गेल्या काही वर्षांत हळदीचा निराळा समारंभ, संगीताची निराळी रात्र, ही भर पडली आहे. मुली-मुलांना हौस आहे, करोत बापडी. पण एका लग्नाला पूर्वी एक दिवस लागे, त्याला आता चार लागतात, आणि प्रत्येक दिवशी तुम्ही दिसला नाहीत तर विचारणा होते.

दुसरी बाजू नोकरीची. मी शाळेत लागलो तेव्हा शनिवारची घंटा झाली की सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत शाळा आणि मी यांचा संबंध तुटत असे. आता शाळा खिशात असते. हजेरी मोबाइलवर, गुण पोर्टलवर, माहिती समूहावर. आणि समूहावर आलेल्या संदेशाखाली ‘तत्काल’ हा शब्द असला की रविवार असो की दिवाळी असो, मुख्याध्यापकाचा अंगठा आपोआप चालू लागतो. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. कागदी नोंदवह्यांच्या काळात चुका किती होत आणि त्या दडत कशा, हे मी पाहिले आहे. पण कामाचे स्वरूप पालटले की त्याच्या कडाही पालटतात, आणि त्या कडा कोठे आहेत हे कोणी आखून देत नाही. त्या नोव्हेंबरात तर ४ तारखेपासून मध्य प्रदेशात मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले होते. माझ्या शाळेतले चार शिक्षक बीएलओ म्हणून घरोघरी फिरत होते. त्यांच्यापैकी एक बाई म्हणाल्या ते मला विसरता येत नाही : ‘‘सर, लोक रविवारीच घरी सापडतात.’’ साऱ्या गावाची विश्रांती हाच त्यांच्या कामाचा दिवस.

रविवार हा वार आपल्याला फुकट मिळालेला नाही. त्याची कथा मराठी माणसाने तरी विसरू नये. एकोणिसाव्या शतकात सरकारी कचेऱ्यांना रविवार होता, साहेबाला प्रार्थनामंदिरात जावयाचे असे. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मजुराला मात्र सणावारी गिरणी बंद राहील तेवढीच उसंत. ठरलेला, हक्काचा असा आठवड्याचा दिवस त्याला नव्हता. या मजुरांच्या वतीने उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला मजुरांच्या सभा झाल्या, साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणा मनाला लागतो. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई. त्यानंतर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.

रविवारच का, याचे एक उत्तर असे सांगितले जाते, की रविवार हा खंडोबाचा वार. देवाचा दिवस म्हणून तरी द्या, असा मजुरांचा कौल. हे उत्तर इंदूरकराला जवळचे वाटावे. आपले हे गाव ज्यांनी वाढविले त्या होळकरांचे कुलदैवत तेच. मल्हाररावांच्या नावातच तो देव आहे, आणि जेजुरीच्या गडावरचे कितीतरी बांधकाम होळकरांचे. साहेबाच्या प्रार्थनेचा वार आणि धनगर-मराठ्यांच्या भंडाऱ्याचा वार एक निघाला, हा एक योगच म्हणावयाचा.

असो. त्या २३ तारखेच्या नोंदीकडे वळतो. गुरुवारी सकाळी चहा पिताना मी पाहिले तर ‘भावजी’ या शब्दावर निळी शाई फिरवलेली होती आणि प्रश्नचिन्ह खोडलेले होते. मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, ‘‘केळवणाला मी पुढे जाईन. तुम्ही तिकडून परस्पर या. याद्या काय, फोनवरही बघता येतील. ताई असत्या तर तुम्ही असे वागला असता का?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने महूला गेलो. राजेंद्रनगर, राऊ, मग उघडा माळ आणि दूर डोंगरांची रेघ. महूच्या स्टेशनाचे नाव आता डॉ. आंबेडकर नगर. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते, ही गोष्ट आम्हा मास्तर मंडळींना उगीचच अभिमान देऊन जाते. आणि पाहा, लोखंड्यांनी मजुराला दिवस मिळवून दिला तेव्हा या बालकाचा जन्म व्हावयाचा होता. तेच बालक पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले.

ही छावणी मुळात आपल्या पराभवाची खूण आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचे सैन्य हरले, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, आणि इंग्रजांनी इंदूरपासून साताठ कोसांवर तळ ठोकला. त्या तळामागून त्यांचे खेळ आले. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा आहे, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. क्रिकेट मात्र आपण आपलेसे केले. होळकर संघाने कर्नल सी. के. नायडूंच्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि २०२२ साली मध्य प्रदेशाने तो आणला तेव्हा प्रशिक्षक आपले चंद्रकांत पंडित होते. तेव्हा मी वर्गावर पेढे वाटले होते. गोल्फ तसा आपलासा झाला नाही. कारण उघड आहे. क्रिकेटला गल्ली पुरते, गोल्फला दीडशे एकर लागतात आणि त्यांना पाणी लागते. ज्या शाळेत मुलांना धड कबड्डीचे मैदान नाही त्या शाळेच्या मुख्याध्यापकाला हे पाहून थोडे कडू वाटले, हे लपवीत नाही.

पण खेळ म्हणून तो मी समजत होतो तसा नाही. अठरा होल; ही संख्या स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १७६४ साली ठरली. भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे आपल्या पाण्याच्या तांब्याच्या तोंडाएवढा. चेंडू पावणेदोन इंचांहून थोडा लहान. तो कित्येक शे यार्डांवरून कमीत कमी टोल्यांत त्या भोकात घालावयाचा. आमच्या विटीदांडूचाच एखादा श्रीमंत चुलता म्हणा. दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. एक, हँडिकॅप. कच्च्या खेळाडूला जितके टोले जास्त लागतात तितक्यांची सूट त्याला मोजून दिली जाते, म्हणून नवखा आणि मुरलेला, म्हातारा आणि तरुण बरोबरीने खेळू शकतात. आमच्या परीक्षापद्धतीत अशी सोय कोणी सुचवली तर गहजब होईल. दुसरी गोष्ट, टोल्यांची मोजणी. तिथे पंच मागे फिरत नाही. स्पर्धेत प्रत्येकाचे कार्ड दुसरा खेळाडू लिहितो, त्याला ‘मार्कर’ म्हणतात. त्याने सही केली की कार्ड खरे.

पहाटे साडेसहाला आम्ही मैदानावर होतो. गवतावर दव, टिटव्यांची टिवटिव, अंगात शालीवर शाल. भावजींनी पिशवीतून एक छोटे कार्ड आणि पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्या हाती दिला. म्हणाले, ‘‘मास्तर, आज तू मार्कर. चार वर्षांत माझं कार्ड कोणी लिहिलं नाही.’’ त्यांच्या बरोबरीचे खेळाडू एकेक करून गेले किंवा मुलांकडे पुण्या-बंगलोरला गेले. नव्या अधिकाऱ्यांच्या चौकडीत ते आपणहून घुसत नाहीत. अठरा होल आता होत नाहीत, नऊच खेळतात. खेळताना फारसे बोलत नाहीत. टोला मारावा, पिशवी उचललेल्या कॅडी पोराशी हिंदीत दोन शब्द बोलावे, आणि चालावे. मी मागून चालत होतो आणि आकडे लिहीत होतो. सात. सहा. आठ. चौथ्या होलवर पाच, तेव्हा ते हसले.

पाचव्या होलवर माझा दूरध्वनी वाजला. शाळेतल्या त्या बाईंचा. एका वृद्धेचे नाव २००३ च्या यादीत सापडत नव्हते, म्हातारी रडत होती, बाई स्वतःही रडकुंडीला आल्या होत्या. काम खरे होते. तो फोन मी घेतला याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मी एका चिंचेच्या झाडाखाली जाऊन यादीचा भाग कसा शोधावा, नवऱ्याच्या नावावरून कसे पाहावे, हे सांगत उभा राहिलो. नाव सापडले. पाऊण-एक प्रहर गेल्यासारखे वाटले, प्रत्यक्षात अकरा मिनिटे झाली होती. परत आलो तर भावजी झेंडा जागेवर लावीत होते. कॅडी पोरगा डोळे मोठे करून म्हणाला, ‘‘सर, आपने देखा नहीं? साहब ने वहाँ से डाला।’’ त्याने दाखविलेली जागा भोकापासून चांगली वीस पावले दूर होती.

‘‘किती लिहू, भावजी?’’ मी विचारले.

‘‘तू पाहिलंस का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग लिहू नकोस.’’ राग नव्हता, नियम सांगावा तसे म्हणाले. मग थोडे चालल्यावर : ‘‘तुझी ताईही पाहत नसे. त्याच चिंचेखाली विणत बसायची. घरी जाताना विचारायची, आज चांगलं झालं का? बस, एवढंच.’’

उरलेले चार होल मी फोन बंद ठेवून लिहिले. मग त्यांच्या घरी पोहे झाले, वर शेव आणि जिरावन. चवीला ताईच्या हातचे नव्हते, पण केले होते त्यांनी स्वतः. बोलता बोलता ते म्हणाले, की निवृत्त माणसाला खरा तोटा पैशाचा नसतो, वारांचा असतो. सगळे वार सारखे होतात. गोल्फ आहे म्हणून रविवार कळतो. मला हुकुमचंद मिलचे कामगार आठवले. १९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली आणि त्यांच्या देण्याची २२४ कोटींची रक्कम २०२३ च्या डिसेंबरात निघाली. बत्तीस वर्षे. काम गेले तेव्हा त्यांचा रविवारही गेला असणार, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आले नव्हते.

सुदामानगरला पोहोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. पुतणीचे औक्षण झाले होते, पंगत उठली होती. वहिनींनी पान वाढता वाढता माझी सुटका आपणच केली : ‘‘शाळेत अडकलात ना, भाऊजी? काय बाई ही तुमची यादीची कामं!’’ नुसती मान हलवली असती तरी निभावले असते. पण सकाळी एक कार्ड लिहिले होते. जे झाले नाही ते लिहावयाचे नाही, हे ताजे होते. मी म्हणालो, ‘‘नाही वहिनी, महूला गोल्फच्या मैदानावर होतो.’’

पुढची दोन मिनिटे वाचकांनी कल्पनेनेच पाहावी. वहिनींच्या हातातला श्रीखंडाचा चमचा तसाच राहिला. कोणी हसले. दादा म्हणाला, ‘‘घरच्या केळवणाला उशीर, आणि खेळायला वेळ?’’ त्या दिवसापासून मी भाचवंडांत ‘गोल्फवाले काका’ झालो आहे. वहिनींचे वाईट वाटणे खरे होते, आणि त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. पण मला जे नवल वाटले ते निराळेच. कामामुळे आलो नाही, हे आपल्या घरांत क्षम्य आहे. उलट त्यात थोडी प्रतिष्ठाच आहे. एका कार्यामुळे दुसऱ्या कार्याला आलो नाही, हेही चालते. एका एकट्या माणसाबरोबर तीन तास गवतावर चाललो, हे मात्र सांगण्याजोगे कारण ठरत नाही. त्याची पत्रिका छापत नाहीत, त्याचा मुहूर्त नसतो, आणि त्याच्याविषयी वरून संदेशही येत नाही. म्हणून दिनदर्शिकेत ते पेन्सिलीने लिहिले जाते. चार वर्षे ते खोडणारा हात माझाच होता, वहिनींचा नव्हे.

गडबड थोडी ओसरल्यावर पुतणी, जिचे केळवण होते ती, पानावरून बोलली : ‘‘काका, लग्नाला आतोबांना आणायला कोण जाणार आहे?’’

सारे एकमेकांकडे पाहू लागले. आतोबांना पत्रिका गेली होती, मोबाइलवर, सहकुटुंब सहपरिवार अशा शब्दांत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस थंडीत रात्रीच्या लग्नाला महूहून कसा येईल, हे ताईच्या सख्ख्या भावांनाही सुचले नव्हते. दादा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘गाडी मी पाठवतो.’’ पुतणी म्हणाली, ‘‘गाडी नको. कोणीतरी जा.’’

लग्न पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होते. मी दुपारनंतरची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दादाची गाडी घेऊन महूला गेलो. भावजी बंद गळ्याचा कोट घालून फाटकापाशीच उभे होते. हातात ताईने विणलेली एक शाल होती, पुतणीला द्यावयाची म्हणून काढलेली. राऊपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘त्या पाचव्याचं काय केलंस? लिहिलंस?’’

‘‘नाही. कोरं आहे.’’

‘‘राहू दे,’’ ते म्हणाले, आणि काच थोडी खाली करून बाहेर पाहू लागले.